घरात बॉक्सर तयार होतोय? १२ ते १९ वयात काय काय सांभाळायचं (इंदूरकरांसाठी)

माझी भाची बॉक्सिंग करते. ताई आणि भावजी दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे फॉर्म, डॉक्टर, रेल्वेची तिकिटं, असोसिएशनला फोन हे सगळं मामाच्या गळ्यात आलं आणि आता क्लबच्या बाकावर बसलेले बाकीचे आईबाप पण मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मी कोच नाही, जॅब कसा मारायचा ते मला विचारू नका. रिंगच्या बाहेरचं काय ते सांगतो.

माझं मत आधीच सांगतो. या वयात घरच्यांचं अर्धं काम नको म्हणायचं असतं. नको ती फाईट, नको तेवढं वजन उतरवणं, नको तो पावडरचा डबा, नको ती सही. शिकवायला सर आहेत, पण नको म्हणायला बहुतेक वेळा कोणीच नसतं.

१. आधी जन्मसाल बघा, मग स्वप्नं

आपल्याकडे गट असे आहेत: सब-ज्युनियर १३-१४, ज्युनियर १५-१६, यूथ १७-१८, आणि १९ च्या पुढे एलिट, म्हणजे मोठ्यांचा गट, जो ४० पर्यंत चालतो. हल्ली यांना अंडर-१५, अंडर-१७, अंडर-१९ असंही म्हणतात. वय जन्मसालावरून धरतात, म्हणजे २०१२ चं पोरगं जानेवारीचं असो की ३१ डिसेंबरचं, २०२७ लागलं की दोघंही ज्युनियर. म्हणून डिसेंबरवाल्या पोराला त्याच गटात जवळजवळ वर्षानं मोठ्या मुलाशी लढावं लागतं, आणि १३-१४ व्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे खांदे, उंची, आवाज सगळंच वेगळं. तो हरला तर लगेच "याच्यात दम नाही" म्हणू नका, दोन वर्षं थांबा.

उशिरा सुरुवात झाली म्हणूनही घाबरू नका. लवलीना बोरगोहेन आधी मुए थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग) करायची, बॉक्सिंगमध्ये नंतर आली आणि टोकियो ऑलिम्पिकमधून ब्राँझ घेऊन आली. १२ च्या आधी फुटवर्क, दोरी, पळणं, पोहणं, कबड्डी काहीही चालेल. डोक्यावर ठोसे खायची तेव्हा काही गरज नाही.

२. क्लब निवडताना काय बघायचं

भिंतीवरचे फोटो आणि ट्रॉफ्या बघू नका. संध्याकाळी जाऊन गपचूप तासभर बसा आणि एवढं बघा:

- स्पारिंग (सरावाची फाईट) लावताना सर वजन आणि वय बघतात का, की जो समोर दिसेल त्याच्याशी उभं करतात
- हेडगार्ड आणि माउथगार्डशिवाय कोणी रिंगमध्ये जातंय का
- पोराच्या नाकातून रक्त आलं की थांबवतात का हसतात
- कोचनी पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा किंवा बॉक्सिंग फेडरेशनचा कोर्स केलाय का
- मुली असतील तर त्यांना कपडे बदलायला धड जागा आहे का, बाहेरगावी स्पर्धेला बरोबर बाई कोण जाते

शेवटचं सगळ्यात आधी विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठून या.

आणखी एक, क्लब जिल्हा असोसिएशनशी जोडलेला आहे का हे विचारायला लाजू नका. आजकाल जिममध्ये एक बॅग टांगून "बॉक्सिंग अकॅडमी" लिहिणारे पुष्कळ झालेत. तिथे घाम निघेल, वजन कमी होईल, पण तिथून स्टेटला जायचा रस्ता नाही.

३. फाईल (हे वाचून मगच पुढे जा)

रिंगमध्ये हरून परत येणाऱ्यांइतकीच पोरं कागदावरून परत येतात. एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या आणि त्यात हे ठेवा:

- नगर निगमचा जन्म दाखला
- आधार कार्ड
- समग्र आयडी
- मूळ निवासी प्रमाणपत्र (लोक सेवा केंद्रातून काढायचं)
- शाळेचं बोनाफाइड, त्यावर स्कॉलर रजिस्टर नंबर आणि जन्मतारीख
- दहावी झाली असेल तर मार्कशीट
- एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, ब्लड ग्रुप
- मुलाच्याच नावाचं बँक खातं, पासबुकची झेरॉक्स
- पासपोर्ट साईझ फोटो, भरपूर
- आतापर्यंतची सगळी सर्टिफिकेटं, ओरिजिनल वेगळी आणि झेरॉक्स वेगळ्या

आता आपल्या मराठी लोकांची खास भानगड. आपण लिहितो मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या बाई कधी आडनाव आधी लिहितात, एमपी ऑनलाइनवाला मधलं नाव खातो, आधारवाला आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या मनानं करतो, आणि जन्म दाखल्यावर तर कित्येकदा बारशाआधीच नोंद झाल्यामुळे नावच नसतं. तीन कागदांवर तीन नावं झाली की स्पर्धेच्या टेबलावर बसलेला माणूस तुमचं काही ऐकत नाही, त्याचंही चूक नाही. म्हणून पहिल्या स्पर्धेच्या पुष्कळ आधी हे सगळं एकसारखं करून घ्या. क्रम असा ठेवा: आधी जन्म दाखला नीट, मग त्यावरून आधार, मग समग्र, मग शाळा. उलटं गेलात तर चकरा दुप्पट.

जन्म दाखल्याची नोंद जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली असेल तर प्रश्न विचारले जाणारच. त्यासाठी हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद, लसीकरणाचं कार्ड असं जुनं काही असेल तर जपून ठेवा.

आणि वय लपवायचं नाही. कोणी ना कोणी येऊन सांगतंच, "भिया, एक-दो साल कम करवा दो, सब करते हैं." वय चोरण्याविरुद्ध केंद्र सरकारचे नियम २०१० पासून आहेत, शंका आली की डॉक्टर शरीर बघतात, दात बघतात, मनगटाचा एक्स-रे काढतात. पकडलं तर पोरगं बॅन होतं, आणि नाही पकडलं तरी तो मुलगा स्वतःपेक्षा लहान पोरांना मारून मेडल घेतो आणि एलिटला आल्यावर बरोबरीचे भेटले की त्याला काही सुचत नाही. मी हे क्लबमध्ये डोळ्यासमोर बघितलंय.

पासपोर्ट पण लवकर काढून ठेवा. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो, पण १५ पूर्ण झालेल्यांना १० वर्षांचा मागता येतो. भारताच्या कॅम्पमध्ये नाव आल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधी केलेलं बरं.

४. सामान

यात फार पैसे घालू नका. स्वतःचे बॅगचे ग्लव्ह्ज (दीड ते तीन हजारात ठीक मिळतात), हातपट्ट्यांच्या दोन जोड्या, माउथगार्ड, हेडगार्ड, मुलांसाठी कप (जांघेचं गार्ड), दोरी, घोट्यापर्यंतचे बूट. बूट वाढत्या पायाला दर वर्षी बदलावे लागतात म्हणून महागडे नकोत. स्पर्धेचे ग्लव्ह्ज आयोजक देतात. दुसऱ्याचं माउथगार्ड धुऊन वापरणं हा प्रकार मी बघितलाय, कृपा करून नको.

५. दोन शिड्या आहेत, दोन्ही माहीत हव्यात

नवीन माणूस इथेच गोंधळतो. एक शिडी शाळेची: जिल्हा, मग संभाग, मग राज्य, मग स्कूल गेम्स फेडरेशनची नॅशनल. इथे गट १४, १७, १९ खालचे असतात. नाव शाळेतून जातं, म्हणजे पीटीच्या सरांशी संबंध चांगले हवेत आणि सत्र सुरू झालं की जुलैमध्येच त्यांना जाऊन सांगून ठेवायचं की आमची मुलगी बॉक्सिंग खेळते. बऱ्याच शाळांना बॉक्सिंग यादीत असतं हेच माहीत नसतं, तारीख गेल्यावर कळतं.

दुसरी शिडी फेडरेशनची: जिल्हा असोसिएशन, राज्य असोसिएशन, मग बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडियाची नॅशनल. भारताचा कॅम्प, परदेशी स्पर्धा सगळं या शिडीवरून मिळतं. केंद्र सरकारचे खेलो इंडिया यूथ गेम्स या दोन्हीपासून वेगळे, १८ वर्षांखालचे. २०२३ च्या सुरुवातीला ते आपल्या मध्य प्रदेशातच झाले होते, बॉक्सिंग भोपाळला होतं, तेव्हा कितीतरी पोरांनी पहिल्यांदा एवढी मोठी रिंग जवळून बघितली.

दोन्ही शिड्यांची सर्टिफिकेटं वेगवेगळ्या ठिकाणी कामाला येतात म्हणून दोन्ही खेळवायचं, पण वर्षात किती फाईट याचा हिशोब घरच्यांनी ठेवायचा. एक साधी वही करा: तारीख, ठिकाण, वजन, समोरचा कुठला होता, निकाल, कुठे लागलं. हरलेल्या फाईटचा व्हिडिओ जरूर काढा. पाच जज असतात, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा कमी, तर कुठला राउंड कुठे हातातून गेला हे चार दिवसांनी शांतपणे बघता येतं. रिंगसाइडला ओरडत असताना आपल्याला फक्त आपल्याच पोराचे ठोसे दिसतात.

इथली ट्रॉफी, तिथला चषक, अमक्या भैयांच्या वाढदिवसाची प्रदर्शनी फाईट, अशी आमंत्रणं येत राहतात. डॉक्टर नसेल, वजन घेत नसतील तर सरळ नको म्हणा. नेता नाराज झाला तर होऊ दे.

६. वजन, सगळ्यात मोठा सापळा

"बस दो किलो उतार दो, मेडल पक्का." हे वाक्य तुम्हाला ऐकू येणार, लिहून ठेवा. मग पोरगं मे महिन्यात रेनकोट घालून पळतं, पाणी बंद, थुंकत बसतं, आणि वजनाच्या काट्यावर कसंबसं बसतं. पुढचं कोणी सांगत नाही. स्पर्धेत वजन फक्त पहिल्याच दिवशी होतं असं नाही, ज्या दिवशी फाईट त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावं लागतं. म्हणजे फायनलपर्यंत गेलं तर पोरगं चार-पाच दिवस अर्धपोटी लढतं. आणि शरीरातलं पाणी कमी असताना डोक्यावर बसलेला ठोसा जास्त धोक्याचा असतो.

वाढत्या मुलाचं वजन वाढणारच, तो वाढतोय म्हणून. १३ ते १७ मध्ये मुलगा तीन-चार वजनगट वर गेला तर चांगलंच आहे. माझा नियम असा की रोजचं सकाळचं वजन ज्या गटाच्या जवळ असेल त्याच गटात खेळायचं, एखादा किलो इकडेतिकडे जेवणातून जुळला तर ठीक, त्यापेक्षा जास्त असेल तर वरच्या गटात खेळा आणि हरलात तर हरा. एलिटचे वजनगट सुद्धा बदलत असतात. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नव्या यादीत पुरुषांचे ५०, ५५, ६०, ६५ असे पाच-पाच किलोंनी ९० पर्यंत आणि त्यावर एक, मुलींचे ४८, ५१, ५४, ५७, ६० आणि पुढे. जुन्या पोस्टरवरचा ५२ किलो धरून पोराला त्यात कोंबून ठेवण्यात काय अर्थ आहे?

मुलींच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. उपाशी ठेवलं की पाळी चुकते, मग हाडं कमजोर होतात, आणि मुलगी सरांना सांगत नाही, आईलाही सांगत नाही. हे दर महिन्याला विचारायचं काम घरातल्या बाईनं घ्यायचं.

जेवणाचं काही अवघड नाही. सकाळचे पोहे बंद करू नका, पोहे खाऊ द्या, जिलबी आणि मूठभर शेव रविवारी. बरोबर अंडी किंवा पनीर किंवा मुगाची उसळ, दुपारी वरण-भात-भाजी-पोळी, ताक, रात्री सराफ्यात न जाता घरी. आमच्याकडे आजी संकष्टीला भाचीला उपास करायला लावायची आणि वर साबुदाण्याची खिचडी, "हलकं असतं गं" म्हणून. साबुदाण्यात नुसता स्टार्च, प्रोटीन जवळजवळ शून्य. आजीशी वाद घालून उपयोग नव्हता, मग दाणे वाढवले, बरोबर दही आणि दूध आलं, आणि स्पर्धेच्या आठवड्यात उपास आजीनं स्वतःवर घेतला. सगळे खूश.

७. डोक्याला लागलं तर

यात तडजोड नाही. अमॅच्युअर (हौशी) बॉक्सिंगच्या नियमांप्रमाणे नॉकआउट झाला किंवा डोक्याच्या मारामुळे रेफरीनं फाईट थांबवली तर किमान ३० दिवस ना फाईट ना स्पारिंग. तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस. शुद्ध हरपली असेल तर आणखी जास्त. हे किमान आहे, डॉक्टर म्हणाले तर अजून वाढवा.

खरी अडचण स्पर्धेत नसते, तिथे डॉक्टर बसलेला असतो. ती असते क्लबमधल्या मंगळवारच्या स्पारिंगला. तिथे कोणी लिहून ठेवत नाही. घरी आल्यावर डोकं दुखणं, उलटी, उजेड सहन न होणं, चिडचिड, एकच गोष्ट परत परत विचारणं, अभ्यासात लक्ष न लागणं यातलं काही दिसलं तर डॉक्टर, आणि रिंग बंद. उलट्या थांबत नसतील किंवा जास्तच झोप येत असेल तर रात्रीच एमवाय हॉस्पिटलला घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. पोरगं "काही नाही मामा, ठीक आहे" म्हणणारच, टीममधून नाव जाईल ही भीती त्याला असते. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की डोकं दुखतं म्हटल्यावर घरात कोणी ओरडणार नाही.

आठवड्यात कडक स्पारिंग किती, हे सरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला कोच चिडत नाही.

८. खोकल्याचं औषध आणि पावडरचा डबा

नॅशनलला गेलं की नाडाचं (देशातली डोपिंग तपासणारी संस्था) टेस्टिंग होऊ शकतं, ज्युनियर असला तरी. आपल्याकडे मेडिकलवर सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं, ते बंदी असलेल्या यादीत आहे. वजन उतरवायला जी लघवीची गोळी कोणीतरी हळूच देतं ती पण. सुजेसाठी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. "मला माहीत नव्हतं" हे चालत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरला प्रत्येक वेळी आधी सांगा की मुलगी खेळाडू आहे, चिठ्ठी जपून ठेवा, आणि दम्यासारखं खरंच लागणारं औषध असेल तर आधी परवानगी काढता येते. यादी दर १ जानेवारीला नवीन लागू होते. जिममधला खुला पावडरचा डबा तर नकोच नको, त्यापेक्षा दूध आणि अंडी स्वस्त पडतात.

९. १४-१५ ला ठरवायचं: घर, अकॅडमी की आर्मी

राज्याची बॉक्सिंग अकॅडमी भोपाळला तात्या टोपे नगर स्टेडियमवर आहे, खेल विभागाची. टॅलेंट सर्चच्या ट्रायल निघतात, निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण तिथेच. मुलांसाठी आर्मीच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत, ८ ते १४ वयात घेतात, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये पण. मुलींसाठीही आर्मीनं आता असं सुरू केलंय. शिस्त, खाणं, रिंग सगळं उत्तम, पण मुलगा पुढे सेनादलाकडून खेळणार हे समजून पाठवा.

आता आपल्या लोकांचा आवडता जुगाड: "पुण्याला मावशी आहे, तिच्या पत्त्यावर महाराष्ट्राकडून खेळवू." पुण्यात बॉक्सिंग चांगलं आहे हे खरं, देविका घोरपडे तिथलीच, २०२२ मध्ये स्पेनला ५२ किलोत यूथ वर्ल्ड चॅम्पियन झाली. पण एका वेळी एकाच राज्याकडून खेळता येतं, राज्य बदलायचं तर आधीच्या राज्याची एनओसी (ना हरकत) लागते आणि ती सहज मिळत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला तिथलं डोमिसाईल लागतं, आपल्याकडे एकलव्य आणि विक्रम हे राज्याचे खेळ पुरस्कार आणि विक्रमवाल्यांना सरकारी नोकरी आहे. जायचंच तर घर, शाळा सगळं घेऊन खरंच जा. नुसत्या पत्त्यानं दोन्हीकडून लटकाल.

शाळा सोडू नका. सीबीएसईत बोर्डाच्या वेळी मान्यताप्राप्त मोठी स्पर्धा आली तर नंतर वेगळी परीक्षा देता येते, शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो. ग्रॅज्युएट खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँक अशा ठिकाणी वरची जागा मिळू शकते.

१०. पैसा

पहिली काही वर्षं खिशातूनच जाणार. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला एकूण ६.२८ लाखांची मदत धरतात, पण त्यातले हातात येतात १.२० लाख, म्हणजे महिन्याला १०,०००, बाकी ट्रेनिंग, राहणं, जेवण यात. लोक ६ लाख ऐकून कर्ज काढायला निघतात म्हणून स्पष्ट सांगितलं. पैसे मुलाच्या खात्यात येतात, ते खातं क्लबच्या कोणा माणसाच्या मोबाईल नंबरला जोडू नका. नोकरीसाठी रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आणि एमपी पोलीस १८ नंतर, सेनादल साडेसतरानंतर. तेव्हा पुन्हा तीच फाईल निघते.

११. "प्रो करतो तुमच्या पोराला"

मोबाईलवर रील फिरली की एखादा माणूस येतोच, हातात प्रोचा, म्हणजे पैशासाठी लढायचा, करार घेऊन. १८ वर्षांखालच्या मुलानं केलेला करार १८७२ च्या कायद्यानं टिकत नाही, म्हणून तो सही आईबापाची मागेल. १९ पर्यंत तर विषयच बंद ठेवा. विजेंदर सिंग २००८ ला ऑलिम्पिक मेडल घेऊन २०१५ मध्ये प्रो झाला, आधी नाव केलं, नोकरी होती, मग गेला. २०२८ च्या लॉस एंजेलिसला बॉक्सिंग असणार हे २०२५ मध्ये नक्की झालं, तेव्हा अमॅच्युअरचा रस्ता उघडा आहे.

पुढे कधी वेळ आलीच तर करारात हे बघा: किती वर्षं, पैशातला वाटा किती आणि तो खर्च कापून की कापण्याआधी, दवाखान्याचा खर्च कोणाचा, वर्षात किमान किती फाईट देणार, आणि करार मोडायचा तर कसा. मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस असेल तर थांबा. मॅनेजरनं तुमच्यासाठी जास्त पैसे मागायचे आणि प्रमोटरनं कमी द्यायचे, एकाच माणसाला दोन्ही कसं जमेल? अमेरिकेत २००० पासून मोठ्या फाईट्ससाठी कायद्यानंच यावर बंदी आहे. कागद घरी घेऊन या, वकिलाला दाखवा, आणि "आजच सही पाहिजे" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.